आडि महिन्यात पाहिलेली जागा

सेतुमाधवराव मामांच्या घरातल्या खुर्च्यांना मोजे होते. थट्टा करत नाही. जुने सुती मोजे कापून, आत कापूस भरून, ते मामींनी प्रत्येक पायाला दोऱ्याने घट्ट बांधले होते. टेबलाला होते, शिलाई मशीनला होते, देवघरातल्या चौरंगालाही होते. देवाच्या घंटेतला लोलक मामांनी काढून ठेवला होता. संध्याकाळी मामी ती मुकी घंटा हलवत आणि ओठांतल्या ओठांत आरती म्हणत. देवाला त्या घरात कान चांगलेच टवकारून बसावं लागत असणार.

मी मूळचा सांगलीचा. त्सुनामीच्या आदल्या वर्षी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी चेन्नईत आलो आणि वेलचेरीत खोली शोधू लागलो. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की तिथे एक मराठी घरमालक आहेत, वरची खोली भाड्याने देतात. मी पळतच गेलो. मामांचे पूर्वज काही पिढ्यांमागे तंजावरला जाऊन राहिलेले. घरात ते मराठी बोलत, पण ती अशी, की एखादी जुनी पोथी कुणी तमिळ चालीवर वाचावी. गल्लीतले सगळे त्यांना तमिळ रीतीप्रमाणे मामा-मामी म्हणत. मीही म्हणू लागलो आणि आपलंच नातं सापडल्यासारखं मला उगाच बरं वाटलं.

मामांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, जातही विचारली नाही. आरामखुर्चीत डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "वरती जाऊन चाला पाहूं. मी खालीं ऐकतों."

मी वर जाऊन रिकाम्या खोलीत येरझारा घातल्या. खाली आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते. उजवी टाच आपटता, ती सुधारली तर खोली तुमची, असा निकाल त्यांनी दिला. मग नियम सांगितले. चपला जिन्याच्या पायथ्याशी काढायच्या. बादली नळाखाली ठेवली की तिच्यात फडकं सोडायचं, म्हणजे धार त्यावर पडते. कुकर नको, भात पातेल्यात शिजवायचा. "सत्तम नको, इंजिनेर," ते म्हणाले. "बाकी कायही करा." सत्तम म्हणजे आवाज. हा माझ्या तमिळचा पहिला धडा. दुसरा शब्द शिकलो तो निम्मदी. मनाची शांतता. हे दोन शब्द मामांकडून मी इतक्या वेळा ऐकले की बाकीची भाषा नाही आली तरी चालेल असं वाटू लागलं. टाच मात्र सुधारली. आजही मी घरात असा चालतो की बायको दचकते.

माणूस असा का होतो, याचं एखादं कारण सापडलं की आपल्याला बरं वाटतं. आयुष्य कापडाच्या गिरणीत गेलं, कानठळ्या बसल्या, म्हणून शेवटी शांतता हवी, असं काही. मी खूप शोधलं. मामा विमा कंपनीच्या कचेरीत होते. तिथे सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शिपायाची जांभई. लहानपणी बाप ओरडणारा होता का, तर तोही नव्हता. त्यांना फक्त दुसऱ्या माणसांचा आवाज नको होता, आणि त्यांना नको असलेली गोष्ट जगात असावी हे त्यांना पटत नव्हतं. मूलबाळ झालं नाही. गल्लीतला इस्त्रीवाला म्हणायचा की पोर आलं असतं, पण दारापर्यंत येऊन परत गेलं असेल.

मामी नेमक्या उलट. जाडसर, गोऱ्या, दम्याने घशात सतत शीळ वाजणारी बाई, आणि बोलण्याची विलक्षण हौस. नवऱ्यासमोर त्या भुवयांनी बोलत. भाजीत मीठ कमी आहे का हे त्या एका भुवईने विचारत आणि मामा मान हलवून उत्तर देत. महिन्यातून एकदा मामा पेन्शनसाठी बँकेत गेले की मामी जिन्याच्या पायथ्याशी येऊन मला हाक मारत, आणि मग त्यांच्या माहेरच्या गोष्टी सुरू होत. तंजावरचं घर, पाच भाऊ, रोज पंगत, भांडणं, हसणं. त्या बोलत असताना दम लागायचा, पण थांबायच्या नाहीत. फाटक उघडल्याची चाहूल लागली की वाक्य अर्ध्यावर टाकून आत जात. तिथून पुढचं वाक्य पुढच्या महिन्यात.

त्या घरात फोन होता, पण तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेला असे. मामांना फोन करायचा असेल तेव्हा तो बाहेर येई. मामींचा सगळ्यात धाकटा भाऊ तंजावरला वारला, तेव्हा घरच्यांनी दिवसभर फोन केले असणार. कपाटातल्या टॉवेलात ते सगळे जिरून गेले. शेवटी भाच्याने बसने येऊन सांगितलं, तोवर दहन होऊन गेलं होतं. मामी दारातच खाली बसल्या. मामांनी भाच्याला पाणी दिलं, आणि गेलेला माणूस फोन उचलल्याने उठून बसणार होता का, असं अगदी समजुतीच्या सुरात विचारलं. मामी रडल्या त्यासुद्धा पदर तोंडात धरून. हे मी जिन्यात उभा राहून पाहिलं आणि मला त्या माणसाचा पहिल्यांदा राग आला.

तरी एक कबूल करायला हवं, मामा गमतीदार होते. वेलचेरीत पावसाळा म्हणजे गुडघाभर, कधी कमरेभर पाणी. गल्लीतल्या लोकांचे फ्रिज तरंगत होते, स्कूटर बुडाल्या होत्या, आणि आमचे मामा व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून असे प्रसन्न बसलेले, की जणू त्यांच्या घरी कार्य आहे. शेअर ऑटो बंद, वरून जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या खांबांचं ठोकाठोकीचं काम बंद, शाळा बंद. मग कोळ्यांच्या होड्या आल्या, दूध आणि पाव घेऊन, घराघरापुढे हाका मारत. मामांनी त्यांना हात करून जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं दूध घेणार. त्यांनी सांगितलं की पुढे जा, पण ओरडू नका. गल्लीतली लेकरं त्या हाकांची वाट बघत होती. होडीवाल्याने मामांकडे नीट पाहिलं आणि आणखी जोरात हाक मारली.

वेलचेरी ही काही मामांची पहिली जागा नव्हती. नोकरी संपल्यावर त्यांनी शहराबाहेर किनाऱ्याच्या रस्त्यावर घर बांधलं होतं. तेव्हा तिथे सुरूची झाडं आणि खेकडे. मग रिसॉर्टं आली. एकामागून एक, भिंतीला भिंत लावून. शनिवार-रविवारी शहरातली पोरं गाड्या भरभरून येत, पोहण्याच्या तलावात उड्या मारत, लग्नांच्या पार्ट्या होत, जमीन हादरेल अशी गाणी लागत. मामा एका रिसॉर्टच्या मॅनेजरकडे गेले आणि गाण्याशिवाय नाचता येत नाही का, अशी गंभीरपणे चौकशी करून आले. शेवटी घर विकून वेलचेरीत आले, तर इथे रेल्वेचे खांब. तेव्हापासून त्यांचं एकच काम होतं. किनाऱ्यावरच्या त्या सगळ्या गर्दीच्या पलीकडे, जिथे कुणी येत-जात नाही, अशी एक शांत जागा शोधायची आणि मरेपर्यंत तिथे राहायचं. मरेपर्यंत हा शब्द ते फार आनंदाने उच्चारत. मामींना कुणी विचारलं नव्हतं.

जागा बघायची त्यांची पद्धत मात्र मानावी अशी होती. तमिळांचा आडि महिना, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपासचा, अशुभ समजतात. लग्न नाही, वास्तुशांत नाही, जमिनीचा व्यवहार नाही. जागा दाखवणारे एजंट घरी झोपा काढतात. पण याच महिन्यात गावोगावच्या अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, देवळांत उत्सव असतो. आंबिलीच्या मोठमोठ्या हंड्या शिजतात, गावजेवण होतं, आणि देवळाच्या शिखरावर, नारळाच्या झाडांवर, विजेच्या खांबांवर कर्णे बांधून पहाटेपासून भक्तिगीतं लावतात. मामा म्हणायचे की बाकीचे मूर्ख थैमधे, म्हणजे संक्रांतीच्या शुभ महिन्यात, जागा घेतात आणि आडिमधे रडतात. आडिमधे जी जागा शांत, ती बारा महिने शांत. नेमक्या त्याच महिन्यात ते सेल्वम नावाच्या एजंटला झोपेतून उठवून बाहेर काढत. त्या सुमारास मी जुनी गाडी घेतली होती. ती कुणासाठी घेतली होती हे मला आडिच्या पहिल्या रविवारी कळलं.

त्सुनामीनंतरचा तो आडि. मामा पुढे, मामी आणि सेल्वम मागे, आणि गाडी चालवणारा मी. किनाऱ्याच्या रस्त्याने खाली खाली जात राहायचं. रिसॉर्टं संपली की मामा काच खाली करत आणि डोळे मिटत. एका जागी खाडीकाठी बेडूक होते म्हणून ती बाद. एका जागी चर्च होतं. एका ठिकाणी मोर होते, आणि त्या जागेवरून परत येताना मामा मोरांना इतकं बोलले की सेल्वमला हसू आवरेना. एक जागा फार सुंदर होती, समोर मोकळा समुद्र. मामा थोडा वेळ उभे राहिले आणि समुद्र फार बोलतो म्हणाले.

मग ती वाडी सापडली. समुद्रापासून थोडी आत, मध्ये झावळ्यांच्या आणि नव्या पत्र्यांच्या झोपड्या, कोळ्यांची वस्ती. वस्तीच्या टोकाला एक पक्कं घर, कुणा सरकारी माणसाचं, विकायला काढलेलं. देऊळ होतं, अम्मनचंच. आडिचा रविवार होता, आणि कर्णा नव्हता. गाणं नव्हतं. हंड्या नव्हत्या. देवळाच्या दाराला कुलूप होतं. भर सकाळी त्या गल्लीत एक कुत्रं तेवढं होतं, तेही झोपलेलं. मामांचा चेहरा मी त्या दिवशी जसा पाहिला तसा आधी किंवा नंतर कधी पाहिला नाही. लहान मूल जत्रेत पाळण्यात बसल्यावर दिसतं तसे ते दिसत होते. पुढच्या रविवारी परत आलो, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी तेच. कुलूप आणि शांतता.

तिसऱ्या रविवारी मामी गाडीतून उतरून एका झोपडीपाशी गेल्या. दारात एक बाई जाळं विणत बसली होती, तिशीची असेल. अंजलै तिचं नाव. मामी तिच्याशेजारी बसल्या आणि दोघी बराच वेळ बोलत होत्या. परत आल्या तेव्हा मामींच्या घशातली शीळ वाढली होती. त्यांनी मराठीत सांगितलं, मला कळावं म्हणून. त्या सकाळी लाट आली तेव्हा मोठी माणसं होड्यांवर, बाजारात, इकडे-तिकडे होती, आणि पोरं वाळूत खेळत होती. अंजलैचा मुलगा आणि मुलगी दोन्ही गेली. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलं. वर्ष पुरं होईपर्यंत सण नाही, म्हणून देवीचं दार बंद.

सेल्वम खाली मान घालून उभा होता. त्याला हे ठाऊक होतं. मी मामांकडे पाहिलं. ते विचार करत होते.

"पोरें नाहींत," ते म्हणाले. "म्हणजे दहा-बारा वर्षें तरी सत्तम नाहीं."

हे त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नाही. तेच तर भयंकर होतं. ते हिशेब करत होते, आणि हिशेब जमला होता. त्यावर मी मामींना नवऱ्यासमोर पहिल्यांदा मोकळ्या आवाजात बोलताना ऐकलं.

"येथें नको," त्या म्हणाल्या. "मज माणसें पाहिजेत. येथें मी मरून जाईन."

मामांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून, आणि हळू बोल एवढंच म्हणाले. आडि संपल्यावर व्यवहार झाला.

त्यांना पोचवायला मीच गेलो होतो. खुर्च्या मोज्यांसकट टेंपोत चढल्या. वेलचेरीत मामींचा डॉक्टर शेजारच्या गल्लीत होता, इथे दवाखाना बसने जायच्या अंतरावर. मामींनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन निरोप घेतला आणि गाडीत बसल्यावर एकदाही मागे पाहिलं नाही. मला वाटलं, ही बाई वर्षभरात संपेल.

माझा अंदाज साफ चुकला. काही महिन्यांनी भेटायला गेलो तर मामी घरात नव्हत्या. मामा व्हरांड्यात डोळे मिटून सुखात बसले होते. बायको कुठे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता, कारण ती नसली की घर अधिकच शांत असे, आणि त्या गोष्टीची चौकशी कोण करतो. मामी मला अंजलैच्या दारात सापडल्या. चार-पाच बायकांत बसून वाल सोलत होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. वस्तीतल्या बायकांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. आपल्या माणसांशी त्या पोरांबद्दल बोलू शकत नव्हत्या, कारण प्रत्येकीचं दुःख तेच. मामी परक्या होत्या, म्हणून त्यांना सांगता येई. पोरांची नावं, खोड्या, कोण काय खायचं, सगळं मामींना पाठ झालं होतं. "हीं माझीं माणसें," त्यांनी मला सांगितलं. दम लागत होता, पण तोंडावर तेज होतं.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली. पुढे मुलं नकोत म्हणून ज्या बायकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन ते उलटवून घेतलं होतं. अंजलैनेही. अंजलैला दिवस गेले होते. आणखी दोघी-तिघींना गेले होते. मामी या बातमीने आनंदल्या होत्या आणि ती त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती.

पुढच्या आडिपर्यंत वस्तीत तान्ही बाळं आली. अंजलैला मुलगी झाली. वर्ष उलटून गेलं होतं, देवळाचं कुलूप निघालं, आणि गावाने ठरवलं की गेल्या वर्षीचा राहिलेला आणि या वर्षीचा असे दोन्ही उत्सव एकदम करायचे. बाळांची जावळं देवीपुढे काढायची, कान टोचायचे. मामींना बोलावणं होतं. मराठी पाळणा म्हणणार म्हणून त्या महिनाभर आधीपासून आपल्या आईच्या तोंडचे शब्द आठवत होत्या. पाळणा संपूर्ण आठवेना तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगलीला माझ्या आईला विचारायला लावलं. टॉवेलातून फोन काढून, हळू आवाजात.

उत्सवाच्या पहाटे कर्णे लागले. गावाने उदार मनाने एक कर्णा मामांच्या फाटकासमोरच्या खांबावरही बांधला होता, नव्या शेजाऱ्यालाही गाणी ऐकू यावीत म्हणून. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, पुढचं अंजलैने आणि सेल्वमने सांगितलं. मामा कुणाशीही भांडले नाहीत. भांडण म्हणजे आवाज. अंघोळ केली, स्वच्छ पांढरा शर्ट घातला, बस पकडली आणि पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार केली. कर्ण्यांची परवानगी गावाने काढली नव्हती. अशा गावात कोण काढतो? मामा विम्यातले होते, त्यांना कागद कसा चालतो ते माहीत होतं. जावळं अजून निघायची होती, बाळं नवी झबली घालून आयांच्या मांडीवर बसली होती, तेव्हा जीप आली आणि कर्णे उतरवून घेऊन गेली. मामी त्या वेळी देवळातच होत्या. पाळणा म्हणायचा राहून गेला.

त्या संध्याकाळी गावपंचायत बसली. मारहाण नाही, दगड नाही. सेतुमाधवरावांच्या घराशी कुणी बोलायचं नाही, एवढंच ठरलं. मासे-भाजी विकायची नाही, दिलं-घेतलं नाही, ओळख नाही. त्या लोकांत ही शिक्षा चोरीलाही देतात आणि ती मोडणाऱ्यालाही तीच मिळते.

मामांना शिक्षा झाली आहे हे त्यांना बरेच दिवस कळलंच नाही. मी गेलो तेव्हा ते मला समाधानाने सांगत होते की गाव आता सुधारलं आहे. कुणी फाटकाशी येत नाही, भाजीवाली हाका मारत जात नाही. भाजी ते स्वतः बसने जाऊन आणत. मी त्यांना समजावून सांगितलं की हे वाळीत टाकणं आहे, आणि याने मामी मरतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं की या शिक्षेला काही मुदत आहे का, की कायमची आहे. कायमची असेल तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मामी फाटकाशी उभ्या होत्या. त्या दिवसभर तिथेच उभ्या राहत. बायका पाणी भरायला जाताना त्यांच्यासमोरून जात, आणि समोर भिंत असावी तशा जात. अंजलै लेकीला कडेवर घेऊन गेली. बाळाने मामींकडे बघून हात पुढे केले. अंजलैने बाळाचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि पाय उचलले. मी मामींना वेलचेरीला चला म्हणालो, तंजावरला भावांकडे चला म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली आणि खाली आणली. बोलायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं, आता कुणी अडवत नव्हतं तरीही.

त्या हिवाळ्यात मामी गेल्या. सकाळी दम्याचा मोठा झटका. मामांनी मला फोन केला, नेहमीच्या हळू आवाजात, जणू दुधाचा हिशेब सांगताहेत. मी पोचलो तेव्हा सेल्वम आला होता, शववाहिनी शहरातून निघाली होती. मामी चटईवर होत्या. मामांनी त्यांचे केस नीट विंचरून दिले होते. मी विचारलं, वस्तीत कुणाकडे तरी ऑटो आहे, बोलावला नाहीत का. ते म्हणाले, गाडी बघायला मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो होतो.

"हाक मारलीत का कुणाला?"

"हाक कसाला?" ते म्हणाले. "चालत गेलों, चालत आलों."

मी बाहेर आलो, कारण आत थांबलो असतो तर माझा हात उठला असता. अंजलै फाटकाबाहेर उभी होती. ती माझ्याशी बोलली, कारण मी त्या घरातला नव्हतो. "आम्ही बोलायचं नाही असं ठरलं होतं," ती तमिळमध्ये म्हणाली; एव्हाना मला तेवढी कळू लागली होती. "मरू द्यायचं असं ठरलं नव्हतं. एक हाक मारली असती तर मी उडी मारून आले असते." मग तिने रस्त्यावरच बसकण मारली आणि छाती पिटून रडायला लागली.

गळा काढून रडणं ही तिथल्या बायकांची रीत आहे. मेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्या गोष्टी सांगत, सूर धरून रडायचं. एकीचा आवाज गेला तशा आणखी बायका झोपड्यांतून आल्या. बाळं कडेवर घेऊन आल्या. फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही, गावाचा निर्णय कुणी मोडला नाही, पण बाहेर वाळूत गोल करून बसल्या आणि मामींना हाका मारू लागल्या. तू आमच्या पोरांची नावं पाठ केलीस, म्हणत होत्या. तुझा पाळणा राहिला, म्हणत होत्या. इतक्या महिन्यांत त्या बाईशी न बोललेलं सगळं त्या एकदम बोलत होत्या. मी तिथे उभा राहून रडलो. सेल्वमही रडला. माहेर सुटल्यापासून एवढ्या माणसांत मामी कधीच राहिल्या नव्हत्या, आणि आता त्या ऐकू शकत नव्हत्या.

मामा व्हरांड्यात आले. पांढरा शर्ट, धोतर, कपाळावर विभूती. ते पायऱ्या उतरून सावकाश फाटकापाशी गेले. मला क्षणभर वाटलं की हा माणूस आता मोडला, आता हा त्या बायकांत जाऊन बसेल. त्यांनी फाटक उघडलं. बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. मामांनी दोन्ही हात जोडले आणि अगदी सभ्य, विनंतीच्या सुरात म्हणाले, "सत्तम वेंडाम."

आवाज नको. एवढंच. माझा विश्वास बसेना, आणि त्या बायकांचाही बसला नसावा. अंजलै तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचं पाहून दुसरीने, मग तिसरीने. घर त्यांचं, प्रेत त्यांचं, आणि प्रेताच्या मालकाने हात जोडले होते. एक बाळ रडत होतं, त्याच्या आईने त्याला छातीशी दाबून धरलं.

शववाहिनी गल्लीतल्या वाळूत येईना, म्हणून मामींना मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. मी, सेल्वम, ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार. बायका मागून आल्या, तोंडात पदर कोंबून, खांदे हलताहेत पण आवाज नाही. मामा पुढे चालत होते. रस्त्याला लागलो तेव्हा ते थांबले, मागे वळून त्या बायकांकडे पाहिलं, आणि आभार मानण्यासाठी त्यांना पुन्हा एकदा हात जोडले.